वादळात टिकणारे झाड बीपासून कसे वाढवावे

वादळात उन्मळून पडलेल्या तरुण झाडाची मुळे जवळून पाहिली, तर पुष्कळदा बुंध्याच्या लगेच खाली मुळांचा एक घट्ट, वाटोळा गुंता आढळतो. त्याचा आकार रोपवाटिकेतल्या पिशवीएवढा असतो, कारण तो पिशवीतच तयार झालेला असतो. झाड जमिनीत लावून अनेक वर्षे लोटली आणि खोड मांडीएवढे जाड झाले, तरी सुरुवातीच्या काही महिन्यांत गोल फिरलेली मुळे पुढे सरळ होत नाहीत. ती त्याच वळणात जाड होत राहतात आणि झाडाला चारी दिशांनी पकड मिळत नाही. त्यामुळे वादळात झाड टिकेल की नाही, याचा बराचसा निर्णय पेरणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच होऊन गेलेला असतो, असे माझे ठाम मत आहे. बीपासून झाड वाढवणाऱ्याच्या हाती नेमका हाच काळ असतो. प्रथमच झाड वाढवू पाहणाऱ्यांनी बी निवडण्यापासून वादळानंतरच्या देखभालीपर्यंत काय करावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

पहिली पायरी: बी निवडणे आणि साठवणे

बी शक्यतो अशा झाडाचे घ्यावे, ज्याचे खोड सरळ व एकसंध आहे, फांद्या खोडापासून चांगल्या फाकलेल्या आहेत आणि ज्याने आजूबाजूची झाडे पडलेली असतानाही मोठे वारे सोसले आहेत. झाडाची ठेवण काही अंशी आनुवंशिक असते. मात्र सगळे बी एकाच झाडाचे घेऊ नये. एकमेकांपासून दूर असलेल्या पाच-सहा निरोगी झाडांखालचे बी एकत्र केले, तर रोपांमध्ये विविधता राहते आणि एखाद्या रोगाने सगळी रोपे एकाच वेळी जाण्याचा धोका कमी होतो.

बी किती दिवस ठेवता येते, हे जातीवर अवलंबून असते आणि नवख्या माणसाची फसगत बहुधा इथेच होते. चिंच, बाभूळ, शिरीष, गुलमोहर यांचे कोरडे, टणक बी नीट वाळवून थंड व कोरड्या जागी ठेवल्यास दीर्घकाळ टिकते. याउलट आंबा, फणस, जांभूळ किंवा ओक यांचे बी ओलसर आणि जिवंत गरासारखे असते. ते वाळले की मरते, त्यामुळे फळ पिकल्यानंतर काही दिवसांतच पेरावे लागते. कडुनिंबाचे बीही जमा केल्यावर लवकर पेरलेले बरे, कारण साध्या परिस्थितीत त्याची उगवणशक्ती काही आठवड्यांत झपाट्याने घसरते. वड आणि पिंपळ यांचे बी धुळीच्या कणाएवढे असते. ते मातीत गाडू नये, ओल्या मातीच्या पृष्ठभागावर पसरून हलकेच दाबावे, कारण उगवण्यासाठी त्याला उजेड लागतो.

दुसरी पायरी: बीची सुप्तावस्था मोडणे

चांगले बी पेरूनही उगवत नाही, तेव्हा ते मेलेलेच असते असे नाही. अनेक जातींचे बी अनुकूल काळ येईपर्यंत थांबून राहते. शेंगवर्गीय झाडांच्या बियांचे कवच इतके घट्ट असते की त्यातून पाणी आत शिरत नाही. गुलमोहर, सुबाभूळ किंवा शिरीष यांच्या बाबतीत पाणी उकळून भांडे आचेवरून उतरवावे, त्यात बी टाकावे आणि रात्रभर पाणी आपोआप थंड होऊ द्यावे. आचेवर बी शिजवू नये. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालेले दिसेल, ते लगेच पेरावे आणि जे जसेच्या तसे राहिले असेल, त्यावर हाच उपचार पुन्हा करावा. बी थोडेच असेल, तर कानशीने किंवा पॉलिश पेपरने कवचाची एक बाजू आतला फिकट रंग दिसेपर्यंत घासली तरी चालते, मात्र बीचा डोळा ज्या टोकाला असतो ती बाजू सोडून घासावे, कारण अंकुर तिथेच असतो. सागाची फळे आळीपाळीने भिजवून आणि उन्हात वाळवून तयार करण्याची जुनी पद्धत आहे. सफरचंदासारख्या थंड प्रदेशातल्या झाडांचे बी मात्र ओलसर वाळूत मिसळून अनेक आठवडे थंडीत, साधारण ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे लागते, कारण हिवाळा सरल्याची खूण मिळाल्याशिवाय ते उगवत नाही.

तिसरी पायरी: पेरणी कुठे आणि कशी करावी

शक्य असेल तेव्हा बी कायमच्या जागीच पेरावे, हा माझा पहिला सल्ला आहे. बी रुजताना सर्वांत आधी मूळ बाहेर पडते. मातीच्या वर हिरवे काहीही दिसत नसते, तेव्हा पांढऱ्या मुळाचे टोक सरळ खाली निघालेले असते आणि ओक किंवा आंब्यासारख्या मोठ्या बियांमध्ये कोंब वर येईपर्यंत ते वीतभर खोल गेलेले असू शकते. या मुळाला वाटेत काही आडवे आले नाही, तर सोटमूळ आणि त्याला फुटणारी बाजूची मुळे आपापल्या नैसर्गिक दिशांना पसरतात. जागेवर पेरलेल्या बीला उंदीर, पक्षी, गुरे आणि तण यांचा त्रास अधिक होतो हे खरे आहे, म्हणून एका जागी तीन-चार बिया पेराव्यात, भोवती जाळी लावावी आणि पुढे सर्वांत जोमदार रोप ठेवून बाकीची उपटण्याऐवजी जमिनीलगत कापावीत, म्हणजे ठेवलेल्या रोपाच्या मुळांना धक्का लागत नाही.

जागेवर पेरणे शक्य नसेल, तर भांडे विचारपूर्वक निवडावे. रुंद आणि उथळ कुंडीपेक्षा अरुंद आणि खोल भांडे बरे. त्याच्या आतल्या भिंतींवर उभ्या कडा असाव्यात, म्हणजे मूळ गोल न फिरता खाली वळते आणि तळ उघडा असावा. असे भांडे जाळीवर, जमिनीपासून थोडे उंच ठेवले, की खाली आलेल्या मुळाचे टोक हवेत येऊन सुकते, तिथेच थांबते आणि वरच्या भागात नवी बाजूची मुळे फुटतात. रूट ट्रेनर म्हणून मिळणारी भांडी याच तत्त्वावर बनवलेली असतात. साधी प्लॅस्टिकची पिशवीच वापरायची असेल, तर रोप त्यात रेंगाळू देऊ नये आणि मुळे पिशवीच्या भिंतीशी पोहोचून वळू लागण्यापूर्वीच ते जमिनीत जावे.

माती भुसभुशीत आणि निचरा होणारी हवी. पोयटा, वाळू आणि चांगले कुजलेले, चाळलेले शेणखत किंवा कंपोस्ट यांचे मिश्रण बहुतेक जातींना मानवते. बी त्याच्या जाडीच्या साधारण दुप्पट खोलीवर ठेवावे. याहून खोल पेरल्यास कोंबाची शक्ती वर येण्यातच संपते. पेरल्यावर झारीने हलके पाणी द्यावे.

चौथी पायरी: रोपाचे पहिले महिने

या काळात सर्वाधिक रोपे मरतात ती जास्त पाण्याने. रोप सकाळी टवटवीत असते आणि संध्याकाळी जमिनीलगत आडवे झालेले दिसते. जवळून पाहिल्यास मातीच्या पातळीशी खोड दोऱ्यासारखे बारीक, पाणीदार आणि तपकिरी झालेले आढळते. रोपे कोलमडण्याचा हा रोग मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि एकदा कोलमडलेले रोप वाचत नाही. दाट पेरणी टाळणे, हवा खेळती ठेवणे, पाणी सकाळी देणे आणि मातीचा वरचा थर किंचित सुकल्यावरच पुढचे पाणी देणे, हेच त्यावरचे खरे उपाय आहेत.

दाट उगवलेली रोपे दुसरीकडे हलवताना बीजदलांना धरून उचलावीत, खोडाला चिमटीत धरू नये. खड्डा काडीने पुरेसा खोल करावा. उथळ खड्ड्यात मूळ कोंबून बसवले तर त्याचे टोक वर वळते आणि गळासारख्या वाकड्या मुळावर उभे राहिलेले झाड पुढे आयुष्यभर कमकुवत राहते. मूळ फार लांब झाले असेल, तर ते वाकवून बसवण्यापेक्षा धारदार कात्रीने टोक कापलेले परवडते.

पाचवी पायरी: रोपाला वाऱ्याची सवय लावणे

रोपाला वाऱ्यापासून पूर्ण जपणे हितावह वाटते, पण त्याने रोपाचे नुकसान होते. इंग्लंडमधले बागायततज्ज्ञ थॉमस अँड्र्यू नाइट यांनी १८०३ मध्ये सफरचंदाच्या तरुण झाडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी काही झाडे हलू नयेत अशी बांधून ठेवली आणि काही मोकळी सोडली, तेव्हा मोकळ्या झाडांची खोडे अधिक जाड झाली. एक झाड त्यांनी केवळ उत्तर-दक्षिण दिशेनेच डोलू शकेल असे बांधले होते. त्याचे खोड त्या दिशेने अधिक वाढले आणि दोन्ही दिशांच्या व्यासांचे प्रमाण १३ ला ११ असे भरले. पुढे १९७३ मध्ये अमेरिकन संशोधक मॉर्डेकाय जाफी यांनी दाखवून दिले की वनस्पतीच्या खोडाला नियमित चोळले किंवा हलवले, तर अनेक जातींची उंची कमी वाढते. वाकण्याचा ताण पेशींना जाणवतो आणि झाड उंची आवरून खोड व मुळे भक्कम करण्याकडे वळते.

याचा व्यवहारात अर्थ असा की रोप चार-सहा पानांचे झाले की ते हळूहळू मोकळ्या हवेत आणावे. सुरुवातीला काही तास आणि पुढे पूर्णवेळ ते बाहेर राहू द्यावे. रोपे एकमेकांना खेटून ठेवू नयेत, कारण दाटीत वाढलेली रोपे उजेडासाठी उंच व सडपातळ होतात आणि शेजारच्यांच्या आधाराने उभी राहतात. खालच्या बारीक फांद्या सौंदर्यासाठी काढून टाकण्याचा मोह आवरावा. त्या फांद्यांची पाने खोडाच्या खालच्या भागाला अन्न पुरवतात आणि त्यामुळेच खोड तळाशी जाड व वर निमुळते होते. असे निमुळते खोड वाकण्याचा ताण आपल्या संपूर्ण लांबीवर वाटून घेते.

सहावी पायरी: जमिनीत लावणे

मोठे, उंच रोप लावले की झाड लवकर मिळते, ही समजूत सर्वत्र दिसते. प्रत्यक्षात लहान रोपाच्या मुळांचे प्रमाण त्याच्या शेंड्याच्या मानाने चांगले असते. ते लवकर रुजते आणि काही वर्षांत मोठ्या रोपाला गाठते. म्हणून गुडघ्याएवढे, बळकट खोडाचे रोप मी केव्हाही पसंत करेन.

खड्डा रोपाच्या मातीच्या गोळ्याएवढाच खोल, पण दोन-तीन पट रुंद असावा. चिकण मातीत कुदळीने खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात, त्या खरवडून घ्याव्यात, नाहीतर मुळे त्या भिंतीशीच वळतात. गोळ्याभोवती गोल फिरलेली मुळे दिसली, तर ती या वेळी निर्धास्तपणे कापावीत किंवा बाहेरच्या दिशेने मोकळी करावीत, कारण ही संधी पुन्हा मिळत नाही. खोड जिथे रुंदावून मुळे फुटतात, तो भाग जमिनीच्या पातळीवर उघडा राहिला पाहिजे. तो मातीत गाडल्यास साल कुजते आणि वर फुटलेली नवी मुळे खोडालाच वेढा घालतात. खड्डा मुख्यतः तिथल्याच मातीने भरावा. तो नुसत्या खताने भरला तर मुळे त्या सुपीक जागेतच घुटमळतात आणि बाहेर पडत नाहीत.

आधाराची काठी आवश्यक असेल तरच लावावी. ती लावायची झाल्यास खोडाच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर, रुंद आणि मऊ पट्टीने, सैल बांधावे, म्हणजे मूळ जागच्या जागी राहील आणि शेंडा मात्र डोलत राहील. पहिल्या वर्षानंतर आधार काढून टाकावा. पाणी रोज थोडे देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे आणि झाड वाढेल तसे आळे बाहेर सरकवत न्यावे, म्हणजे मुळे पाण्याच्या मागे दूरवर जातात. पालापाचोळ्याचे आच्छादन जरूर करावे, परंतु ते खोडाला टेकू देऊ नये.

जागा असेल तर एकटे झाड लावण्याऐवजी वेगवेगळ्या जातींचा समूह लावावा. फ्लोरिडामध्ये चक्रीवादळांनंतर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी केलेल्या पाहणीत असे आढळले की एकाकी झाडांपेक्षा समूहातली झाडे अधिक प्रमाणात टिकली. त्याच पाहण्यांमध्ये जातीनुसार मोठा फरकही दिसला: लाइव्ह ओक आणि बॉल्ड सायप्रस ही झाडे चांगली तग धरून राहिली, तर ओकच्याच लॉरेल ओक व वॉटर ओक या जाती मोठ्या प्रमाणात पडल्या.

वादळात झाडाचे काय होते

पुढच्या छाटणीचे नियम समजून घ्यायचे असतील, तर झाड वाऱ्याला कसे तोंड देते हे आधी पाहायला हवे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ताठ वस्तूवरचा त्याचा दाब चौपट होतो. झाड मात्र ताठ राहत नाही. जोराच्या वाऱ्यात पाने मागे वळतात आणि अनेक जातींची पाने शंकूसारखी गुंडाळली जातात, हे स्टीव्हन व्होगेल यांनी १९८९ मध्ये वाऱ्याच्या बोगद्यात केलेल्या प्रयोगांतून दाखवले. फांद्या वाकून वाऱ्याच्या दिशेला जुळवून घेतात आणि त्यामुळे झाडावरचा प्रत्यक्ष दाब चौपटीपेक्षा बराच कमी राहतो. शिवाय प्रत्येक फांदी आपापल्या तालात हलते. सगळ्या एकाच वेळी एकाच बाजूला जात नसल्याने त्या एकमेकींचे हेलकावे शोषून घेतात आणि खोडाचे डोलणे आवरले जाते.

खोडाच्या लाकडातही एक सूक्ष्म योजना असते. लाकूड ओढ जितकी सोसते, तितकी दाबणी सोसत नाही. वाऱ्याने खोड वाकते तेव्हा वाऱ्याकडची बाजू ताणली जाते आणि विरुद्ध बाजू दाबली जाते, त्यामुळे खरा धोका दाबल्या जाणाऱ्या बाजूला असतो. वाढत्या झाडाच्या बाहेरच्या थरात उभी ओढ आधीपासूनच साठवलेली असते. वाकताना ही ओढ संपल्याशिवाय त्या बाजूवर दाब सुरू होत नाही आणि खोडाला तेवढी सवड मिळते.

जमिनीखाली काम करतात ती मुख्यतः वरच्या एक मीटर थरात आडवी पसरलेली मुळे. मोठ्या झाडात सोटमुळापेक्षा त्यांचे महत्त्व अधिक असते आणि ती फांद्यांच्या घेराच्याही पलीकडे जातात. वाऱ्याकडची मुळे दोरासारखी ताणली जातात, विरुद्ध बाजूची मुळे बिजागरीच्या जागी वाकण्याला विरोध करतात आणि मुळांनी धरलेल्या मातीचे वजन झाडाला खाली दाबून ठेवते. मातीच्या कणांची आपसातली पकड हा याचा चौथा घटक असून भिजलेल्या मातीत ती ढासळते. त्यामुळेच अनेक दिवसांच्या पावसानंतर आलेले वादळ सर्वांत घातक ठरते. १६ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे दक्षिण इंग्लंडमध्ये वादळाने सुमारे दीड कोटी झाडे पाडली, तेव्हा जमीन पावसाने पूर्ण भिजलेली होती आणि झाडांवर अजून पाने होती.

त्याच रात्री लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये सुमारे ७०० झाडे पडली. तिथला टर्नर्स ओक या नावाने ओळखला जाणारा जुना वृक्ष वाऱ्याने मुळांसकट उचलला गेला आणि पुन्हा त्याच जागी बसला. तो मरणार असे गृहीत धरून त्याला केवळ टेकू देऊन ठेवले होते, पण तीन वर्षांनंतर तो पूर्वीपेक्षा अधिक जोमाने वाढत असल्याचे दिसून आले. पाहायला येणाऱ्यांच्या पायांनी त्याच्याभोवतीची माती वर्षानुवर्षे घट्ट झाली होती आणि त्या धक्क्याने ती मोकळी झाली होती. यानंतर तिथे जुन्या झाडांच्या मुळांभोवती दाबाखालच्या हवेने माती मोकळी करण्यास सुरुवात झाली. नवख्याने यातून घ्यायची गोष्ट सोपी आहे: झाडाच्या मुळांवर वाहने उभी करू नयेत, पायवाट पडू देऊ नये आणि माती चोपून घट्ट करू नये.

सातवी पायरी: घडण देणारी छाटणी

झाड पुरुषभर उंचीचे झाले की दरवर्षी एकदा त्याच्या फांद्या तपासाव्यात. दोन शेंडे समान जोमाने इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर जात असतील, तर त्यांच्या बेचक्यात साल अडकते आणि लाकूड एकजीव होत नाही. असा सांधा मोठेपणी वादळात उभा चिरतो. एक शेंडा ठेवून दुसरा आखूड करावा. ही छाटणी अंगठ्याएवढ्या फांदीवर करावी. ती मांडीएवढी झाल्यावर केल्यास मोठी जखम होते आणि कूज आत शिरते. फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेली सालीची फुगीर कड शाबूत ठेवावी, कारण जखम तिथूनच भरून येते.

शेंडा सरसकट छाटून झाड बुटके करणे हा वादळावरचा उपाय म्हणून सांगितला जातो, पण तो घातक आहे. कापलेल्या जागी फुटणारे असंख्य धुमारे वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढतात आणि पुढच्या वादळात तेच आधी तुटतात. फांद्यांच्या आतल्या बाजूची सगळी पालवी काढून टोकाला झुपका ठेवण्याची पद्धतही तितकीच वाईट आहे, कारण हेलकावे शोषणाऱ्या लहान फांद्याच त्यात नाहीशा होतात.

वादळानंतर

कलंडलेले तरुण झाड, त्याची मुळे बव्हंशी मातीत असतील तर, एक-दोन दिवसांत सावकाश उभे करावे. तोवर उघड्या मुळांवर ओले गोणपाट टाकून ठेवावे. तुटलेली मुळे स्वच्छ कापावीत, मूळच्या पातळीवरच माती भरावी, दोन-तीन बाजूंनी आधार द्यावा आणि पुढचे वर्षभर पाण्याची काळजी घ्यावी. मोठे झाड मात्र असे उभे करता येत नाही. बुंध्याभोवतीच्या जमिनीत अर्धवर्तुळाकार भेग पडली असेल, एका बाजूची माती उचललेली दिसत असेल किंवा झाड नव्याने कलले असेल, तर त्याखाली कोणालाही जाऊ देऊ नये आणि जाणकाराला बोलवावे.

पाने झडलेले, फांद्या मोडलेले झाड लगेच तोडण्याची घाई मात्र करू नये. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाला १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत मोठी इजा झाली. पुढे बुरशीने पोखरलेले त्याचे मूळ खोडही १९२५ मध्ये काढून टाकावे लागले, तरी पारंब्यांच्या आधारावर तो आजही उभा आहे. प्रत्येक झाडाला पारंब्या नसतात, परंतु बहुतेक निरोगी झाडे खोड आणि मुळे शाबूत असल्यास पुढच्या हंगामात पुन्हा पालवतात. तोवर केवळ लोंबकळणाऱ्या आणि चिरलेल्या फांद्या काढाव्यात, नव्याने आलेले धुमारे सुरुवातीला तसेच राहू द्यावेत आणि एक-दोन वर्षांनी त्यांतले जोमदार व योग्य दिशेचे निवडून बाकीचे टप्प्याटप्प्याने कमी करावेत.